आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याने लॅपटॉप कसा निवडावा : सॉफ्टवेअरच्या यादीपासून बदलीच्या मुदतीपर्यंत

बी. आर्क.ला प्रवेश निश्चित झाला की घरात दोन खरेद्यांची चर्चा सुरू होते : ड्रॉइंग बोर्ड आणि लॅपटॉप. बोर्ड, सेट स्क्वेअर आणि पेनांची यादी महाविद्यालय देते, त्यामुळे त्या वस्तू बहुधा बरोबर येतात. लॅपटॉपची यादी सहसा कोणी देत नाही, आणि मग तो दुकानदार, एखादा इंजिनिअर चुलतभाऊ आणि सणासुदीची सवलत असे तिघे मिळून ठरवतात. दोन वर्षांनी, ज्युरीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या तोंडी मूल्यमापनाच्या, आदल्या रात्री रेंडर (मॉडेलवरून बनणारे खऱ्यासारखे चित्र) अर्ध्यावर बंद पडला की खरेदीत काहीतरी चुकले होते हे कळते.

ही चूक दर वेळी पैसे कमी घालण्याची नसते. ऐंशी हजारांचा चुकीचा लॅपटॉप घेतलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. चूक क्रमाची असते : आधी किंमत पाहिली जाते, मग प्रोसेसरचा स्टिकर, मग वजन आणि रंग, आणि ज्या सॉफ्टवेअरसाठी हा सगळा खर्च करायचा त्याचे नाव शेवटी निघते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत, कारण प्रत्येक टप्प्याचा निर्णय पुढच्या टप्प्यातले पर्याय कमी करतो.

टप्पा १ : कधी घ्यायचा, हे आधी ठरवावे

अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा आहे. पहिल्या वर्षात बहुतेक ठिकाणी काम हाताने होते. शीटवर पेन्सिल आणि शाई, माउंट बोर्डाची मॉडेल्स, फ्रीहँड स्केचिंग असे त्याचे स्वरूप असते, आणि अनेक शिक्षक संगणकावर काढलेले ड्रॉइंग या वर्षी स्वीकारतच नाहीत. प्रवेशाच्या आठवड्यात घेतलेला भारी लॅपटॉप वर्षभर चित्रपट पाहण्यात आणि असाइनमेंट टाइप करण्यात जुना होतो. शेवटच्या वर्षी थीसिससाठी त्याची सर्वांत जास्त गरज लागते तेव्हा त्याची वॉरंटी संपलेली आणि बॅटरी थकलेली असते.

म्हणून घरात टायपिंग आणि इंटरनेटपुरता कोणताही संगणक असेल, तर पहिले सत्र, शक्य असल्यास पहिले वर्ष, त्यावर काढावे आणि खरेदी तिसऱ्या सत्राच्या तोंडावर करावी. महाविद्यालयाने पहिल्याच सत्रात डिजिटल ड्रॉइंगचा विषय ठेवला असेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

पडताळणी : ही माहिती कार्यालयात विचारण्यापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावी. कोणत्या सत्रात कोणते सॉफ्टवेअर लागते, महाविद्यालयाची लॅब सबमिशनच्या काळात रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि स्टुडिओत टेबलाजवळ चार्जिंगची सोय आहे का, हे तीन प्रश्न पुरतात.

टप्पा २ : सॉफ्टवेअरचा कागद करावा

एका कागदावर सॉफ्टवेअरची नावे लिहून त्यांचे चार गट पाडावेत, कारण प्रत्येक गट यंत्राच्या वेगळ्या भागावर ताण देतो.

पहिला गट द्विमितीय रेखाटनाचा. ऑटोकॅडमध्ये प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन काढणे हे आजच्या कोणत्याही बऱ्या लॅपटॉपला जड नाही. ‘ऑटोकॅड चालतो’ हे दुकानातले आश्वासन खरे असते, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा गट त्रिमितीय मॉडेलचा : स्केचअप, रायनो, रेव्हिट, आर्चिकॅड. स्केचअपचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर, म्हणजे कोअरवर, चालते. म्हणून दहा कोअर असूनही जड मॉडेल फिरवताना ते अडखळते. रेव्हिटची भूक रॅमची, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीची, आहे. ऑटोडेस्कच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या शिफारशींत साधारण १०० एमबीपर्यंतच्या मॉडेलसाठी १६ जीबी आणि ३०० एमबीपर्यंतच्या मॉडेलसाठी ३२ जीबी रॅम धरलेली असते. विद्यार्थ्याचा बंगला पहिल्या आकड्यात आरामात बसतो. चौथ्या वर्षाचा गृहसंकुलाचा प्रकल्प, त्यात फर्निचरच्या वाटेल तेथून आणलेल्या फॅमिलीज (रेव्हिटमधल्या तयार वस्तू), बसेलच असे नाही.

तिसरा गट रेंडरिंगचा : एनस्केप, लुमिऑन, ट्विनमोशन, डी५, व्ही-रे. लॅपटॉपची खरी परीक्षा येथे होते. पहिली चार सॉफ्टवेअर्स जवळजवळ सर्वस्वी ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे चित्रे बनवणाऱ्या वेगळ्या भागावर, चालतात. व्ही-रे प्रोसेसरवरही चालते आणि कार्डावरही. एका दृश्यात तीनशे झाडे, गवत आणि पाण्याचा तलाव टाकला की कार्डाची मेमरी भरते, आणि ती भरली की वेग एकदम कोसळतो किंवा सॉफ्टवेअर सरळ बंद पडते.

चौथा गट शीट लावण्याचा : फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन. ए१ आकाराची ३०० डीपीआयची शीट, पन्नास लेयर, आणि मागे रेव्हिट उघडेच, ही सबमिशनच्या रात्रीची नेहमीची स्थिती आहे. लॅपटॉप या रात्रीसाठी निवडायचा असतो, दुकानात दिसणाऱ्या रिकाम्या डेस्कटॉपसाठी नव्हे.

सावधान : रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स, लुमिऑन आणि डी५ ही सॉफ्टवेअर्स विंडोजसाठीच बनतात. ऑटोकॅड, स्केचअप, रायनो, आर्चिकॅड आणि ट्विनमोशन मॅकवर चालतात. मात्र अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकबुकमध्ये जुन्या इंटेल मॅकप्रमाणे विंडोज थेट बसवता येत नाही, आणि आभासी विंडोजमध्ये रेव्हिट चालवणे हा ऑटोडेस्कने मान्य केलेला मार्ग नाही. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, परंतु कागदावर रेव्हिट किंवा लुमिऑन असेल तर त्याचा विचार येथेच थांबवावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या विंडोज लॅपटॉपलाही हेच लागू आहे. ते हलके असतात आणि त्यांची बॅटरी दिवसभर टिकते, पण या क्षेत्रातली बरीच सॉफ्टवेअर्स त्या चिपसाठी बनलेलीच नाहीत.

याच कागदावर परवान्यांचीही नोंद करावी. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर्स शिक्षणासाठी विनामूल्य देते. पात्रता सिद्ध करावी लागते आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. आर्चिकॅडचाही विनामूल्य विद्यार्थी परवाना आहे, रायनोची पूर्ण आवृत्ती ९० दिवस वापरून पाहता येते, आणि ब्लेंडर हे त्रिमितीय सॉफ्टवेअर सर्वांनाच मोफत आहे. हे असताना पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेली आवृत्ती घेण्याचे कारण उरत नाही. अशा आवृत्त्या बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि पुढे फाइली कशामुळे गेल्या याचा शोध लागत नाही.

टप्पा ३ : ग्राफिक्स कार्ड

कागदावर तिसऱ्या गटातले एकही नाव असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड अनिवार्य आहे, आणि निवड तेथूनच सुरू करावी. कार्डाच्या बाबतीत तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली, कार्डाची स्वतःची मेमरी. ४ जीबी मेमरी आज अपुरी आहे. लहान घराचे दृश्य निघेल, पण मोठ्या साइटवर ती पहिल्याच तासात संपेल. ६ जीबी ही किमान पायरी आणि ८ जीबी ही विद्यार्थ्यासाठी योग्य पायरी धरावी. एनव्हिडियाच्या लॅपटॉप कार्डांत आरटीएक्स २०५० मध्ये ४ जीबी, ४०५० मध्ये ६ जीबी, तर ४०६०, ५०५० आणि ५०६० मध्ये ८ जीबी मेमरी असते. ३०५० हे कार्ड ४ आणि ६ अशा दोन्ही प्रकारांत विकले जाते, त्यामुळे नुसते नाव ऐकून पुढे जाऊ नये. ४०७० मध्येही लॅपटॉपसाठी ८ जीबीच आहे. वेग वाढतो, पण झाडे तेवढीच मावतात. ४०६० वरून ४०७० वर जाण्यासाठी लागणारे पैसे बहुतेक विद्यार्थ्यांनी रॅम आणि मॉनिटरवर घालावेत, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट, कार्डाला मिळणारी वीज. एकाच नावाचे कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवले जाते. आरटीएक्स ४०६० साठी ही मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत असू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमधले ४५ वॅटचे ४०६० आणि जाड लॅपटॉपमधले १०० वॅटचे ४०६० यांच्या वेगात मोठा फरक पडतो, आणि किंमत पुष्कळदा उलटी असते. हा आकडा खोक्यावर ठळक नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात तो ‘टीजीपी’ (टोटल ग्राफिक्स पॉवर) या नावाने शोधावा.

तिसरी गोष्ट, कार्ड कोणाचे. व्ही-रेचे कार्डावर चालणारे रेंडरिंग एनव्हिडियाच्या तंत्रावर बेतलेले आहे, आणि अडचण आल्यास वर्गातल्या इतरांकडेही तेच कार्ड असते. या दोन्ही कारणांनी एनव्हिडिया घेणे सोयीचे. वर्कस्टेशन म्हणून विकली जाणारी महागडी व्यावसायिक कार्डे विद्यार्थ्याला लागत नाहीत.

सावधान : ‘यात १२ जीबी ग्राफिक्स आहे’ असे दुकानात सांगितले जाते, तेव्हा कार्डाच्या ४ जीबीमध्ये रॅमकडून उसनी मिळू शकणारी ८ जीबी मिळवलेली असते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात कार्डाची ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ मेमरी वेगवेगळी दिसते. फक्त डेडिकेटेड आकडा मोजावा.

टप्पा ४ : रॅम

१६ जीबीच्या खाली खरेदी करू नये आणि ३२ जीबीपर्यंत वाढवण्याची वाट उघडी ठेवावी. ही दुसरी अट पहिलीहून महत्त्वाची आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावर सोल्डर केलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. मी स्वतः एकदा ८ जीबीचा असा लॅपटॉप ‘नंतर वाढवू’ म्हणून घेतला, आणि तो उघडल्यावर वाढवायला जागाच नाही हे पाहिले. त्या वर्षीची वर्किंग ड्रॉइंग्ज मित्राच्या संगणकावर पूर्ण झाली.

तपशीलपत्रकात रॅमचे दोन स्लॉट आहेत का, त्यांपैकी किती भरलेले आहेत आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते, हे पाहावे. नावात ‘एलपीडीडीआर’ अशी अक्षरे असतील तर ती रॅम जवळजवळ नेहमी सोल्डर केलेली असते. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असलेला लॅपटॉप पहिल्या दिवशी किंचित वेगवान असतो, पण ३२ वर जाताना त्या दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर नंतर दुसरी तशीच पट्टी बसवली की काम होते. पुढे वाढवण्याचे नक्की असेल तर दुसरा प्रकार निवडावा.

पडताळणी : रॅम वाढवल्याने वॉरंटीवर परिणाम होतो का, हे विक्रेत्याला न विचारता कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे आणि उत्तर ईमेलवर घ्यावे.

टप्पा ५ : प्रोसेसर आणि साठवण

हा टप्पा चौथ्या क्रमांकानंतर आला याचे अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण दुकानातली चर्चा येथूनच सुरू होते. प्रोसेसरच्या नावातल्या ‘आय५’, ‘आय७’ यांपेक्षा शेवटचे अक्षर अधिक सांगते. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, हलक्या लॅपटॉपसाठीचा. ‘एच’, ‘एचएस’ आणि ‘एचएक्स’ म्हणजे जड कामासाठीचा. आय७-१३५५यू मध्ये वेगवान कोअर दोनच आहेत, तर आय५-१३४२०एच मध्ये चार. तासभर चालणाऱ्या व्ही-रे रेंडरमध्ये हा ‘आय५’ त्या ‘आय७’च्या पुढे राहावा, ही अपेक्षा रास्त आहे.

एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा अंक पाहावा. रायझन ७ ७७३५एचएस मधला ३ हा आकडा जुनी रचना दाखवतो आणि ७८४०एचएस मधला ४ नवी. दोन्हींवर ‘रायझन ७’ असाच स्टिकर असतो. इंटेलच्या नव्या मालिकांत ‘कोअर अल्ट्रा’ अशी नावे आली, तरी शेवटच्या अक्षराचा नियम बहुतांशी कायम आहे.

साठवणीसाठी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी असावी. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ दिसते, आणि विंडोज, ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर्स, अडोबीची सॉफ्टवेअर्स, लुमिऑनचा साठा एवढे बसवल्यावर तिसऱ्या वर्षी ती भरते. १ टीबी मिळत असेल तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा एम.२ स्लॉट आहे याची खात्री करावी.

टप्पा ६ : पडदा, कीबोर्ड, वजन आणि पोर्ट

पडद्याच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत रंगांची होते. स्वस्त पडद्यांच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. असा पडदा एसआरजीबी या प्रमाणित रंगसंचातल्या रंगांपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांशाहूनही कमी रंग दाखवतो. त्यावर विटेचा लाल आणि कोटा फरशीचा हिरवट राखाडी फिके दिसतात, विद्यार्थी ते गडद करतो, आणि प्लॉट होऊन, म्हणजे मोठ्या कागदावर छापून, आलेली शीट भडक निघते. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द तपशीलपत्रकात शोधावेत, आणि उजेड ३०० निट्सच्या खाली नसावा. १६:१० प्रमाणाचा पडदा उंचीला थोडी जास्त जागा देतो, आणि टूलबार उघडे ठेवून काम करताना ती उपयोगी पडते. १४४ हर्ट्झ की १६५ हर्ट्झ या चर्चेत वेळ घालवू नये. तो खेळणाऱ्यांचा प्रश्न आहे.

कीबोर्डावर स्वतंत्र नंबर पॅड असावा. दिवसातून शेकडो वेळा २३०, ११५, ९००, २१०० असे मिलिमीटरमधले आकडे टाइप करणाऱ्याला वरच्या ओळीतल्या अंकांवर बोटे फिरवण्याचा त्रास आठवड्यात कळतो. माउस मात्र वेगळाच घ्यावा, तारेचा आणि दाबता येणाऱ्या चाकाचा. पॅन आणि ऑर्बिट त्या चाकावरच होतात, आणि टचपॅडवर मॉडेल फिरवणे ही शिक्षा आहे.

स्वतंत्र कार्डाचा लॅपटॉप साधारण सव्वादोन किलोचा आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर अर्धा ते पाऊण किलोचा असतो. त्यात शीटची नळी, मॉडेल आणि डबा मिळवला की विरार किंवा कल्याणहून लोकलने येणाऱ्या विद्यार्थ्याचा खांदा बोलू लागतो. हलका लॅपटॉप घेणे हा यावरचा एक उपाय झाला. माझ्या मते दुसरा उपाय बरा : पुरेसा शक्तिशाली लॅपटॉप बहुतेक दिवस घरी ठेवावा आणि क्रिटला, म्हणजे शिक्षकांसोबतच्या कामाच्या चर्चेला, पीडीएफ किंवा प्रिंट घेऊन जावे. रोज यंत्र नेणे खरोखर आवश्यक असेल तरच वजनासाठी जादा पैसे मोजावेत.

पोर्टमध्ये एचडीएमआय आणि किमान दोन साधे यूएसबी पोर्ट हवेत. ज्युरीच्या खोलीतला प्रोजेक्टर आणि प्लॉटिंगच्या दुकानातला पेनड्राइव्ह यांना टाइप-सीची सवय अजून लागलेली नाही.

टप्पा ७ : पैसे कमी पडत असतील तर काय कापावे

आधी ठरवलेल्या रकमेतून सुमारे दहा टक्के बाजूला काढावेत. माउस, पावसाळ्यात भिजणार नाही अशी बॅग, बॅकअपसाठी बाहेरची डिस्क आणि वाढीव वॉरंटी यांचा खर्च नंतर आठवतो.

उरलेल्या रकमेत बसत नसेल, तर पुढील क्रमाने कापावे. प्रथम वजन, जाडी आणि धातूची बॉडी सोडून द्यावी. मग प्रोसेसर एका पायरीने खाली आणावा, पण अक्षर ‘एच’च ठेवावे. मग साठवण ५१२ वर आणावी, दुसरा स्लॉट असेल तरच. मग रॅम १६ वर थांबवावी. पडद्याच्या रंगांवर तडजोड शेवटून दुसरी करावी, आणि ती करावी लागलीच तर पुढे कधीतरी २४ इंची चांगला आयपीएस मॉनिटर घ्यावा, जो लॅपटॉप बदलला तरी टिकतो. कार्डाची मेमरी ६ जीबीच्या खाली आणू नये.

एवढे करूनही जमत नसेल, तर जड रेंडरिंग महाविद्यालयाच्या लॅबमध्ये करण्याचे ठरवून स्वतंत्र कार्डाशिवायचा, पण ३२ जीबीपर्यंत रॅम वाढवता येणारा साधा लॅपटॉप घेणे हा प्रामाणिक पर्याय आहे. ४ जीबी कार्डाचा ‘गेमिंग’ लॅपटॉप मधल्या मध्ये अडकतो. तो जडही असतो आणि अपुराही.

वापरलेला लॅपटॉप घेताना विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’च्या आदेशाने मिळणारा बॅटरीचा अहवाल मागावा. मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता त्यात शेजारी दिसतात. विक्रेता तो अहवाल देण्यास टाळाटाळ करत असेल तर पुढे बोलू नये.

टप्पा ८ : खरेदीच्या दिवशी

या क्षणापर्यंत हातात ब्रँडचे नाव नसून अटींचा कागद असला पाहिजे. त्या अटींत बसणारी दोन किंवा तीन मॉडेल्स निवडावीत आणि प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, लिहून घ्यावा. मालिकेचे नाव एकच असते. शेवटची दोन-चार अक्षरे बदलली की पडदा, रॅम आणि कार्डाचे वॅट बदलतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, गावातल्या दुकानात किंवा ऑनलाइन, कोठेही भाव विचारताना हाच क्रमांक सांगावा. ‘तोच आहे, फक्त नवीन लॉट’ हे उत्तर आले तर तो क्रमांक घरी येऊन तपासावा आणि दुसऱ्या दिवशी जावे.

ऑनलाइन खरेदीत ‘परत’ आणि ‘बदली’ या दोन शब्दांतला फरक वाचावा. लॅपटॉपसाठी अनेकदा फक्त बदली मिळते, तीही थोड्या दिवसांत आणि कंपनीच्या तंत्रज्ञाने दोष मान्य केल्यावर. खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा, ज्यात सील आणि अनुक्रमांक स्पष्ट दिसतील.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागतो का, हे विचारून एकूण रक्कम काढावी. विद्यार्थी सवलत मिळत असेल तर ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती तयार ठेवावी.

वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र केंद्रावर न्यायचे, हे पाहावे. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि स्टुडिओत फेविकॉल, पाण्याचा मग आणि कटर यांच्या मध्ये वावरणाऱ्या यंत्रासाठी ते घेण्यासारखे आहे.

सावधान : कमी किमतीत दिसणारे काही लॅपटॉप विंडोजशिवाय, ‘डॉस’ या नावाने विकले जातात. विंडोजची किंमत मिळवूनच तुलना करावी. होम आवृत्ती विद्यार्थ्याला पुरते.

पडताळणी : बिलावर विद्यार्थ्याचे किंवा पालकांचे नाव, पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि जीएसटी आहे ना, आणि तोच अनुक्रमांक खोक्यावर व लॅपटॉपच्या तळाशी आहे ना, हे दुकान सोडण्यापूर्वी पाहावे. हाताने लिहिलेली पावती घेऊ नये.

टप्पा ९ : पहिल्या आठवड्यातली तपासणी

बदलीची मुदत काही दिवसांचीच असते आणि विद्यार्थी ती वॉलपेपर लावण्यात घालवतात. या दिवसांत पुढील कामे करावीत.

१. टास्क मॅनेजरमध्ये रॅम, वापरलेले स्लॉट, एसएसडी आणि कार्डाची डेडिकेटेड मेमरी बिलाशी जुळवून पाहावी. कार्डाची कमाल वॅट मर्यादा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधील सिस्टीमच्या माहितीत पाहता येते.

२. पूर्ण पडद्यावर पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र एकामागून एक लावावे. न पेटणारा किंवा सतत पेटलेला ठिपका असाच दिसतो. काळ्या चित्रावर, खोलीत अंधार करून, कडांमधून प्रकाश गळतो का तेही पाहावे.

३. सीनियरकडून तिसऱ्या वर्षाची एखादी जड फाइल मागून आणावी, आणि चार्जर लावून, कठीण टेबलावर ठेवून, अर्धा तास सलग रेंडर चालवावे. पंख्यांचा आवाज वाढणे आणि कीबोर्डाचा वरचा भाग तापणे स्वाभाविक आहे. यंत्र स्वतःहून बंद पडणे किंवा पडद्यावर रंगीत चौकटी उमटणे हा दोष आहे. त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.

४. प्रत्येक पोर्ट, प्रत्येक कळ, कॅमेरा, स्पीकर, वायफाय आणि झाकणाच्या बिजागऱ्या तपासाव्यात.

५. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून वॉरंटीची तारीख पाहावी. ती बिलाच्या तारखेच्या आधी सुरू झालेली दिसली, तर बिलाची प्रत पाठवून दुरुस्त करून घ्यावी. हे काम तीन वर्षांनी होत नाही.

जडपणे चालणारी फाइल बॅटरीवर तपासून निराश होऊ नये. चार्जर काढला की कार्डाची वीज कमी होते आणि रेंडरचा वेग पडतो, तो दोष नाही.

टप्पा १० : काम सुरू करण्यापूर्वीची मांडणी

‘एवढे महाग कार्ड घेऊनही स्केचअप अडखळते’ ही तक्रार आली की निम्म्या वेळा सॉफ्टवेअर प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चाललेले सापडते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन प्रत्येक त्रिमितीय आणि रेंडरिंग सॉफ्टवेअरला ‘हाय परफॉर्मन्स’ हा पर्याय द्यावा. कार्डाचे ड्रायव्हर सबमिशनच्या आठवड्यात अद्ययावत करू नयेत. सत्र संपल्यावर करावेत.

लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला राहणार असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. गादीवर किंवा उशीवर ठेवून रेंडर लावू नये, कारण हवा खालून आत जाते. हॉस्टेलच्या खोलीत धातूच्या भागाला हात लावताना मुंग्या येत असतील, तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नसते. वॉर्डनला सांगून ते दुरुस्त करून घ्यावे आणि तोवर चार्जर दुसऱ्या सॉकेटवर लावावा.

फाइलींच्या तीन प्रती ठेवाव्यात : लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. ऑटोकॅडची आपोआप जतन करण्याची वेळ दहा मिनिटांवर आणावी आणि त्या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये जातात ते आजच पाहून ठेवावे. वीज गेल्यावर शोधत बसल्यास ते फोल्डर सापडत नाही.

वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये टाकावी. त्या दिवशी टप्पा ९ मधले अर्ध्या तासाचे रेंडर पुन्हा चालवावे, बॅटरीचा अहवाल काढावा, आणि पंखा, बिजागरी किंवा एखादी कळ कुरकुरत असेल तर तक्रार त्याच आठवड्यात लेखी नोंदवून तिचा क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवावा.